नव्वद म्हणायची चुकीची पद्धत

पहिल्याच भेटीत मी त्यांचं मराठी सुधारलं होतं. हे सांगायला लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. पुढे जे झालं त्याबद्दल मी ज्या लोकांवर आजही चिडून आहे, त्यांच्याच रांगेत त्या दिवशी मीही उभी होते.

लंडनमधल्या एका ट्रायब्युनलची वेटिंग रूम होती. या देशात आश्रय मागितलेल्या आणि नकार मिळालेल्या लोकांची अपिलं तिथे चालतात. मी हिंदी आणि मराठीची इंटरप्रिटर. सकाळी रीडिंगहून ट्रेन पकडायची, साक्ष देणारा माणूस जे बोलेल ते इंग्रजीत सांगायचं, वकील विचारतील ते त्याला त्याच्या भाषेत विचारायचं, आणि संध्याकाळी परत. त्यातला बराचसा वेळ नुसतं बसून जातो. तर त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत सत्तरीचे एक गृहस्थ येऊन बसले. करडा सूट, आतून डोकावणारा पिवळ्या-हिरव्या आफ्रिकन छापाचा शर्ट. गळ्यातल्या बिल्ल्यावर 'फ्रेंच' असं लिहिलेलं आणि वर अस्सल वऱ्हाडी आडनाव.

"तुम्ही मराठी का?" मी विचारलं.

"मंग काय. अकोट तालुक्यातला हाय मी. थांब, तुले पानी आनतो. ते मशीन अडून बसलं होतं, म्या आताच चालू केलं."

"पाणी," मी म्हणाले. हसत म्हणाले, गमतीनं म्हणाले, पण म्हणाले. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या तोंडून हे आपोआप निघतं, शिंक यावी तसं.

त्यांनी कप आणून माझ्या हातात दिला. "पी," ते म्हणाले. "तहान भागली तं पानी असन. नाही भागली तं पाणी असन."

त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते नाव एकदा एका कागदावर माझ्यामुळे गेलं, तेवढं पुरे.

काकांना फ्रेंच कुठे शिकलात म्हणून कुणी विचारलं, की ते सांगायचे, "जनरेटरखाली." ही कोटी नव्हती. अकोल्याच्या आयटीआयमधून ते डिझेल मेकॅनिक झाले आणि तेविसाव्या वर्षी कांगोत, लुबुम्बाशीला, एका गुजराती व्यापाऱ्याच्या लाकूड गिरणीत नोकरीला लागले. दिवसचे दिवस इंजिनाखाली पाठीवर पडून असायचे, आणि बाजूचे मेकॅनिक हत्यारं मागत, शिव्या देत, घरच्या गोष्टी सांगत. हाच त्यांचा वर्ग. पहिल्या दिवशी कुणीतरी 'व्हीस' मागितला, तर यांनी मोजून वीस नट दिले. फ्रेंचमध्ये व्हीस म्हणजे स्क्रू. "पन ते हसले नाहीत," काका सांगायचे. "एक स्क्रू हातात ठेवला अन म्हनाले, व्हीस. झालं, शिकलो मी. तुह्या पुन्यात असतो तं अजून हसून राहिले असते."

बावीस वर्षं ते तिथे राहिले. बायको कंपालाची गुजराती, तिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट, त्यामुळे शेवटी इल्फर्डला आले. ती वारल्यावर घरात बसवेना, म्हणून परीक्षा देऊन इंटरप्रिटर झाले.

ट्रायब्युनलच्या दारातला सिक्युरिटीवाला त्यांना चांगला ओळखायचा, कारण काकांच्या खिशात कायम एक स्क्रूड्रायव्हर असायचा. तो काढून पाकिटात घालायचा, वर नंबर लिहायचा आणि संध्याकाळी परत करायचा, हा कार्यक्रम आठवड्यातून तीनदा चालायचा. "घरी का ठेवत नाही?" असं मी एकदा विचारलं. "चष्मा घरी ठेवतं का कोनी?" ते म्हणाले. आत आले की वेटिंग रूममधल्या एकेका माणसाशी हात मिळवायचे. वकील असो, रडणारी बाई असो, कोपऱ्यात फोन चार्ज करणारा कुणी असो. कांगोत खोलीत शिरलं की असंच करतात म्हणे. ते आणि मी एकाच रेल्वेवरचे, एलिझाबेथ लाइनवरचे, पण ते पूर्वेच्या बाजूचे आणि मी पश्चिमेच्या टोकाची, त्यामुळे ही खोली सोडून आमची गाठ पडायची नाही. दुपारी ते डब्यातून दोन उकडलेली अंडी काढायचे आणि एका छोट्या बाटलीतलं लालभडक पिलीपिली त्यावर ओतायचे. कांगोतला ठेचाच तो. मला आग्रह करायचे आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं की समाधानानं मान हलवायचे.

सोबतीला सोपे होते असं मात्र नाही. बोलायला लागले की थांबत नसत. पॅरिसमध्ये शिकलेली एक इंटरप्रिटर तिथे यायची. ती दिसली की हे मुद्दाम मोठ्यानं आकडे मोजायचे. कारण आकड्यांवरून त्यांचं साऱ्या फ्रान्सशी भांडण होतं.

ते भांडण समजून घ्यायला हवं. कांगोवर बेल्जियमचं राज्य होतं, त्यामुळे तिथे पोचली ती बेल्जियमची फ्रेंच, आणि तिच्यात तिथल्या माणसांनी आपल्या नात्यागोत्यांचे अर्थ भरले. पॅरिसचा माणूस नव्वद म्हणताना म्हणतो, 'कात्र-व्हँ-दीस'. म्हणजे चार विसा, चार वेळा वीस, आणि वर दहा. बेल्जियमचा आणि कांगोतला माणूस सरळ म्हणतो, 'नोनांत'. सत्तरला 'सेप्तांत'.

"आमच्या आठवडी बाजारात अंडी इकनारी बाई होती," काका म्हणायचे. "ते विसानं मोजे. चार विसा अन वरते दहा. तिले सारे अडानी म्हनत. अन पॅरिसचा मानूस तसाच मोजते, तं तो शुद्ध. अन नोनांत म्हननारा गावंढळ. हा कोनता न्याय होय, सांग तू मले."

शनिवारी रीडिंगमध्ये आम्ही मराठी मुलांचा वर्ग चालवतो, तिथे मीच शिकवते. ते कळल्यावर काकांनी विचारलं, "तिथी एखाद्या पोरानं 'करून राहिलो' म्हटलं तं किती मार्क कापता?"

"मार्क नसतात काका. आम्ही फक्त सांगतो, की 'करतोय' म्हण."

"म्हंजे मार्क नाही कापत. जीभ कापता."

मला राग आला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. आता वाटतं, तो राग त्यांच्यावर काढायचा नव्हता.

ते भाषेकडे मेकॅनिकसारखं बघायचे. कुठला शब्द कुठे अडतो, कुठे घासतो, हे त्यांना ऐकूनच कळायचं. हॉस्पिटलच्या कामाला गेले आणि डॉक्टर म्हणाले, गोळी जेवणानंतर घ्या, की हे पेशंटला 'दिने' वगैरे काही न सांगता हात वर करून विचारायचे, "सूर्य कुठे असताना?" कारण पॅरिसमध्ये 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण आणि कांगोत दुपारचं. डॉक्टर गोंधळून बघत राहायचे, पण पेशंट हातानंच सूर्य दाखवायचा आणि गोळी वेळेवर पोटात जायची.

एकदा ते वॉर्डात पोचले तेव्हा एका म्हातारीच्या कागदावर लिहिलेलं होतं, की पेशंटला गिळायचं कसं ते माहीत नाही, मेंदूची तपासणी करा. सकाळी फोनवर कुणी इंटरप्रिटर होता, त्यानं शब्दाला शब्द ठेवला होता. बाई म्हणाली होती, 'ज न से पा आव्हाले'. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो, गिळायचं कसं ते मला ठाऊक नाही. तिच्या फ्रेंचमध्ये अर्थ साधा होता, मला गिळता येत नाही. काकांनी तिला तोंड उघडायला सांगितलं, डॉक्टरांना आत बघायला सांगितलं. घशात गळू होतं.

"आपन काय म्हनतो?" ते मला म्हणाले. "गिळता येत नाही. येत नाही म्हंजे शिकली नाही का? मराठी मानसाले हे समजवाव लागत नाही. पन त्या फोनवाल्याले कोन सांगन."

हे सगळे इंटरप्रिटर पुरवणारी एक एजन्सी आहे. मीही तिच्याच यादीत आहे. तिच्या बुकिंगच्या पानावर भाषेसाठी एकच रकाना असतो, आणि त्यात 'फ्रेंच' म्हणजे फ्रेंच. काका प्रत्येक बुकिंगला उलटा फोन करायचे.

"कुठली फ्रेंच?"

"जस्ट फ्रेंच," तिथली कोऑर्डिनेटर सांगायची.

"माणूस कुठला?"

"ते आमच्याकडे नसतं."

एकदा आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानच्या माणसासाठी बोलावलं. दहा मिनिटं बोलून काका स्वतःच उठले आणि न्यायाधीशांना म्हणाले, याची फ्रेंच मला पुरेशी येत नाही, दुसरा माणूस बोलवा. त्या दिवसाचं काम गेलं, शिवाय एजन्सीनं त्यांच्या नावापुढे शेरा मारला, 'भाषेत कमी पडले'. मी आजवर कितीतरी इंटरप्रिटर पाहिले, ज्यांना समोरच्याचं निम्मं कळत नाही आणि जे ठोकून देतात. त्यांच्या नावापुढे कसलाही शेरा नसतो.

आता त्या दिवसाविषयी.

माझी केस सकाळीच पुढे ढकलली गेली, अपील करणारा माणूस आजारी पडला होता. ट्रेनला वेळ होता. काका म्हणाले, "आत येऊन बसजो माह्या केसले. मांगच्या खुर्चीवर कोनीही बसू शकते." म्हणून मी गेले.

अपील करणारी बाई लुबुम्बाशीचीच होती. चाळिशीची, प्राथमिक शाळेतली शिक्षिका. निळा स्वेटर गळ्यापर्यंत बंद करून ती सरळ बसली होती. काकांनी तिला "मामाँ" म्हणून नमस्कार केला. तिथे कुठल्याही बाईला मान द्यायचा तर मामाँ म्हणतात, आपल्याकडे वऱ्हाडात माय म्हणतात तसं. तिला एका लष्करी छावणीत डांबून ठेवलं होतं. सुटल्यावर पुन्हा माणसं शोधत आल्याचं घरून फोनवर कळलं, म्हणून ती पळाली. सरकारी खात्यानं अर्ज नाकारताना म्हटलं होतं, की बाई खोटं बोलते. पुरावा दोन गोष्टींचा. एक, मुलाखतीत ती आधी म्हणाली की माझे वडील मी शाळेत असताना वारले, आणि नंतर म्हणाली की वडिलांनी फोन करून मला सावध केलं. दोन, मुलाखतीत तिनं कैदेचे दिवस छत्तीस सांगितले आणि लेखी जबाबात तीन महिन्यांहून जास्त.

तिची वकील नवीन होती. फाइल आदल्या आठवड्यात हातात पडलेली, आणि बाईशी तिचं बोलणं झालं तेही फोनवरच्या कुणा इंटरप्रिटरमार्फत.

खात्याचा प्रतिनिधी उभा राहिला. तरुण होता, आवाज अगदी सभ्य होता.

"तुमचे वडील वारले आहेत ना?"

"हो."

"मग तुम्हाला फोन कुणी केला?"

"पापांनी," बाई म्हणाली.

"म्हणजे वारलेल्या माणसानं."

काकांनी हे तिला फ्रेंचमध्ये सांगितलं. बाईचा चेहरा नुसता कोरा झाला. तिला प्रश्नच कळला नव्हता. काकांनी हात वर करून न्यायाधीशांकडे बघितलं. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ होतं. "मॅडम, एका शब्दाचा खुलासा करू का? तिच्या फ्रेंचमध्ये वडिलांच्या भावालाही पापा म्हणतात. कोणते पापा, हे विचारावं लागेल."

न्यायाधीश बाई वयस्कर होत्या. त्या म्हणाल्या, "विचारा."

विचारल्यावर बाईनं ताबडतोब सांगितलं, धाकटे पापा, वडिलांचे धाकटे भाऊ. तिच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी मागे बसून विचार करत होते, की आमच्या घरी मोठे बाबा, धाकटे बाबा म्हणतात. माझ्या मुलीला कुणी असं विचारलं असतं तर तीही खोटी ठरली असती.

इथपर्यंत काकांनी केलं ते नियमात बसत होतं. पुढे प्रतिनिधीनं मुलाखतीचा कागद काढला आणि वाचला. "प्रश्न, तुम्हाला किती दिवस ठेवलं होतं? उत्तर, नाही, छत्तीस दिवस."

काकांनी ते बाईला सांगितलंच नाही. ते स्वतःशी काहीतरी पुटपुटले, आणि मग मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, हे चुकीचं आहे. किती दिवस, या प्रश्नाला कुणी नाही म्हणून सुरुवात करत नाही. ती नोनांत-सीस म्हणाली. शहाण्णव. ऐकणाऱ्यानं नों, त्रांत-सीस ऐकलं. नाही, छत्तीस. त्याला नोनांत हा शब्दच ओळखीचा नव्हता."

मग प्रतिनिधी उठला. इंटरप्रिटर साक्ष देऊ शकत नाही, म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. इंटरप्रिटरनं स्वतःचं काही बोलायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. न्यायाधीश बाईंनी काकांना समज दिली, की फक्त भाषांतर करा. काका म्हणाले, "सॉरी मॅडम," आणि खाली बसले.

प्रतिनिधीनं तिथेच थांबायला हवं होतं. त्यानं लॅपटॉपवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "शिवाय या बाई स्वतःला शिक्षिका म्हणवतात. शिकलेली व्यक्ती प्रमाण फ्रेंच बोलेल. ती नव्वदला कात्र-व्हँ-दीस म्हणेल. जर त्या खरोखरच नोनांत म्हणाल्या असतील, तर त्या शिक्षिका आहेत यावरच शंका घ्यावी लागेल."

हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही. एका बाईनं स्वतःच्या देशात, स्वतःच्या फळ्यावर वीस वर्षं जे लिहिलं, ते तिच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून तिच्यासमोर ठेवलं गेलं. आणि हे बोलणाऱ्या माणसाला फ्रेंचचं ओ की ठो येत नव्हतं.

काका उभे राहिले. "सर," ते म्हणाले, "त्या देशात शिक्षकच नोनांत शिकवतो. जो नोनांत म्हणणार नाही, त्याला तिथे शिक्षकाची नोकरी मिळणार नाही."

न्यायाधीशांनी सुनावणी थांबवली. वीस मिनिटांनी परत बोलावून त्यांनी सांगितलं, की मुलाखतीचं मूळ रेकॉर्डिंग मागवलं जाईल आणि केस दुसऱ्या इंटरप्रिटरसह पुन्हा चालेल. बाई जाताना काकांपाशी थांबली आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

बाहेर काका मला म्हणाले, "तिसऱ्यांदा नोको होतं उठाले. कळते मले. पन पाय उठले."

खात्याची तक्रार चौथ्या दिवशी एजन्सीकडे गेली. एजन्सीला कळलं, की त्या खोलीत त्यांचीच आणखी एक इंटरप्रिटर हजर होती, आणि मला एक ऑनलाइन फॉर्म आला. दोनच प्रश्न होते. इंटरप्रिटर भाषांतराव्यतिरिक्त स्वतःचं काही बोलले का? बोलले असल्यास किती वेळा? मी पॅडिंग्टनहून घरी निघाले होते. मुलीला क्लबमधून आणायचं होतं. स्लाउ स्टेशन यायच्या आत फोनवरच फॉर्म भरून टाकला. हो. तीन वेळा. खरं तेच लिहिलं. इंटरप्रिटर खरंच लिहितो, असा मला अभिमानही वाटला असावा.

काकांना आलेल्या पत्रात म्हटलं होतं, की हजर असलेल्या सहकाऱ्याच्या निवेदनानुसार आपण तीन वेळा मर्यादा ओलांडली, सबब आपलं नाव यादीतून काढण्यात येत आहे. आपली फ्रेंच प्रमाण नसल्याचं यापूर्वीही आढळलं आहे. प्रमाण फ्रेंचची चाचणी उत्तीर्ण झाल्यास फेरविचार होऊ शकेल. सहकाऱ्याचं नाव दिलं नव्हतं, पण मागच्या खुर्चीवर मी एकटीच होते.

मी इल्फर्डला त्यांच्या घरी गेले. दार उघडून ते आत गेले, आणि मी मागोमाग. पुढच्या खोलीत एका उघड्या पंख्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले होते. त्यांनी मला चहा दिला आणि मग समोर बसले.

"काका, मी खोटं काही लिहिलं नाही," मी म्हणाले.

"नाही लिहिलं. खरंच लिहिलं. तीन खेपा." त्यांनी मान हलवली. "काहून उठलो, ते लिहिलं का?"

"तो प्रश्नच नव्हता त्या फॉर्मात. जागाच नव्हती."

"फॉर्मात जागा नव्हती तं बाहेर लिहाचं. कागदाले पाठ असते." ते चिडले होते, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "तू रोज हेच काम करतं. एका मानसाचं अर्धं बोलनं सांगितलं अन अर्धं गिळलं, तं ते भाषांतर होत नाही, एवढं तं तुले माहीत हाय. मंग माह्या खेपीले काहून अर्धं सांगितलं?"

घाईत होते, हे उत्तर मला स्वतःलाच सांगवेना.

"चाचणी देणार?" मी विचारलं.

"त्यायची फ्रेंच मले येते पोरी. टीव्हीवरून शिकलो. चाचणी पास होईन उद्या. पन मंग ते बाई काय बोलली ते ऐकाले कोन राहीन? ते म्हनतात, नोनांत विसरून ये. म्हंजे जे ऐकासाठी मले ठेवलं होतं, तेच विसरून ये."

त्या रात्री मी एजन्सीला दोन पानी पत्र लिहिलं. पापा, नोनांत, 'नाही, छत्तीस', घशातलं गळू, आबिदजानचा माणूस, सगळं लिहिलं. आठ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, आपला अभिप्राय नोंदवून घेतला आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तीच ओळ आली, फक्त तारीख बदलून.

पाच महिन्यांनी त्याच इमारतीत त्या बाईची वकील भेटली. अपील मंजूर झालं होतं. न्यायाधीशांनी रेकॉर्डिंग बेल्जियमच्या एका तज्ज्ञाकडून तपासून घेतलं. नोनांत-सीस, स्पष्ट ऐकू येत होतं. निकालात दोन परिच्छेद फक्त त्या शब्दावर होते आणि एक पापावर. काकांचा उल्लेख कुठेही नव्हता. असायची पद्धतही नाही. मी तिथूनच त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शाळा मिळन का तिले इथी?" मी म्हणाले, माहीत नाही. इथल्या शाळेत तिनं नोनांत शिकवलं तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

यानंतर एजन्सीनं माझ्याशी जे केलं, त्याची चीड माझ्या मनातून जात नाही. त्यांचा मेल आला, की नव्या इंटरप्रिटरांसाठी रीडिंगमध्ये एक दिवसाचं ट्रेनिंग आहे, तुम्ही अनुभवी आहात, 'व्यावसायिक मर्यादा' हा तास घ्याल का. सोबत तयार स्लाइड्स होत्या. चौथ्या स्लाइडवर नाव काढून टाकलेलं एक उदाहरण होतं. इंटरप्रिटर एक्स यांनी सुनावणीत तीन वेळा हस्तक्षेप केला. परिणाम, सुनावणी रद्द, वेळ वाया. तुम्ही काय वेगळं केलं असतं? माझं ते तीन शब्दांचं उत्तर आता धडा होऊन माझ्याच हातात आलं होतं.

मी हो म्हणाले. स्टेशनजवळच्या एका ऑफिसात बाराजण बसले होते. चौथी स्लाइड आली तेव्हा मी ती लावली, वाचून दाखवली आणि मग सगळी गोष्ट सांगितली, आता इथे सांगितली तशीच. नियम का आहे तेही सांगितलं, आणि काका नियम मोडून उठले हेही लपवलं नाही. बोलून झाल्यावर वाटलं, आता प्रश्न येतील. एकानं विचारलं, यादीतून काढल्यावर परत यायला किती दिवस लागतात. दुसऱ्यानं विचारलं, हे परीक्षेत येतं का. मग शेवटच्या रांगेतली एक मुलगी, अरबीची होती, तिनं विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं?"

स्लाइडवर ते नव्हतं. मी सांगितलं.

मला पुन्हा ट्रेनिंगला बोलावलं नाही. ते एजन्सीनं कळवलंही नाही, नुसतं बोलावलं नाही. काम मात्र देतात, आणि मी करते. याचंही समर्थन माझ्याजवळ नाही.

काका आता इल्फर्डमध्येच असतात. आसपासच्या कांगोच्या बायका आजारपणात, शाळेच्या कामात त्यांना घेऊन जातात, आणि हॉस्पिटलवाले विचारतात, तुमच्याकडे अधिकृत बिल्ला आहे का. नसतो. मग त्यांना बाहेर बसवून फोनवरचा इंटरप्रिटर लावतात.

ट्रेनिंगची हकीकत मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "बारा जनांतून किती जनांनी त्या बाईचं इचारलं?"

"एकीनं."

"मंग एक तं हाय," ते म्हणाले आणि अंड्याचं साल काढू लागले.

त्यांना तेवढं पुरलं. मला पुरत नाही. उरलेले अकराजण सोमवारी कामाला लागले.